आठ बाय चारमधली ऊब

प्लायवूडचा अख्खा तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो, अमेरिकेतही आणि आपल्याकडेही. गाडीमागे जोडून न्यायच्या टिअरड्रॉप ट्रेलरचे मूळ माप त्यावरूनच ठरले: आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. पुढे फुगीर आणि मागे निमुळता होत जाणारा हा ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकात रस्त्यावर दिसू लागला. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तो घरी बांधण्याचे आराखडे छापले आणि हाताला काम हवे असलेल्या हौशी मंडळींना नवा उद्योग मिळाला. आजही तिथल्या कितीतरी गॅरेजमध्ये असे ट्रेलर आकार घेत असतात. आत फक्त गादी. मागचे झाकण उचलले की छोटा ओटा. उभे राहायचे तर बाहेर.

उन्हाळ्यात एवढे पुरते. पण कोलोरॅडोच्या डोंगरांत किंवा उटाच्या वाळवंटात ऑक्टोबरमध्ये दिवसा सदऱ्यावर फिरावे इतके ऊन असते आणि रात्री पारा शून्याखाली जातो. स्वयंपाकासाठी प्रोपेनचे सिलिंडर बरोबर असतेच; मग त्याच्यावरच हीटर का बसवू नये, असा विचार कोणाच्याही मनात येतो. विचार रास्त आहे. मात्र या कामात उष्णता हा सोपा भाग आहे आणि हवा हा अवघड. एवढ्याशा खोलीत ज्वाळा आणि माणूस यांना एकाच हवेवर ठेवायचे नाही. हे सूत्र हाती धरले, तर हीटर कोणता घ्यावा, भोक कुठे पाडावे, सिलिंडर कुठे ठेवावे, याची उत्तरे आपोआप मिळत जातात.

उष्णता किती हवी?

आधी सोपा हिशेब करू. आठ बाय चार बाय चार फुटांच्या पेटीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ साधारण पंधरा चौरस मीटर भरते. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये इंचभर फोम घातला असेल, तर आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे प्रत्येक चौरस मीटरमधून सव्वा वॅटच्या आसपास उष्णता निसटते. बाहेर उणे १०, आत १५ अंश, म्हणजे फरक २५ अंशांचा. भिंतींमधून जाणारी उष्णता झाली साडेचारशे वॅटच्या घरात. झोपणाऱ्यांसाठी ताजी हवा आत घ्यावीच लागते. ती तापवायला आणखी दीडशे वॅट धरा. एकूण सहाशे. आपली कपड्यांची इस्त्रीसुद्धा याहून जास्त वीज घेते.

दहा तासांच्या रात्रीला हा हिशेब साधारण अर्धा किलो प्रोपेनवर येतो. अमेरिकेतल्या २० पौंडी सिलिंडरमध्ये नऊ किलो गॅस मावतो, म्हणजे एक सिलिंडर दोन-अडीच आठवड्यांच्या रात्री सहज काढते. मोठ्या मोटरहोममध्ये बसवतात त्या भट्ट्या १२ हजार, १६ हजार बीटीयूंच्या, म्हणजे साडेतीन ते पावणेपाच किलोवॅटच्या असतात. आपल्या पेटीत ती भट्टी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दोन मिनिटांत खोली तापणार, भट्टी बंद होणार, पुन्हा गारठा, पुन्हा पंख्याची घरघर. दोन किलोवॅटचा हीटरसुद्धा इथे अंमळ मोठाच आहे. पण त्याहून लहान आणि नीट बंदिस्त हीटर बाजारात फारसे मिळत नाहीत.

हवेचा हिशेब

आता अवघड भाग. या पेटीत हवा मावते जेमतेम साडेतीन घनमीटर. वजनात ती सव्वाचार किलो भरते आणि तिच्यातला ऑक्सिजन किलोभरसुद्धा नसतो. प्रोपेनच्या रेणूत तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन असतात. ते पूर्ण जळायला एक किलो प्रोपेनला ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे रात्रीच्या अर्ध्या किलो गॅसला १.८ किलो. खोलीत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट! ज्वाळा खोलीतल्याच हवेवर जळत असेल, तर तिची आणि झोपलेल्या माणसांची वाटणी कधीच पुरी पडणार नाही. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर तळ ठोकला, तर हवाच जवळपास तीस टक्के विरळ. मग मूळ साठाही तेवढा कमी.

जळण्यातून पाणीही निघते. एक किलो प्रोपेन जळाले की १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. रात्रभरात हे पाऊण लिटरच्या वर जाते. शिवाय झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी सोडतात. ही सगळी वाफ रात्रीच्या थंड छतावर आणि खिडकीच्या काचेवर जमते, गादीखाली मुरते आणि प्लायवूड कुजवते. ‘हीटर लावला तरी अंथरूण ओलसर’ अशी तक्रार उघड्या ज्वाळेच्या हीटरबद्दल येते, ती यामुळे.

तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी. ऑक्सिजन कमी पडू लागला की कार्बन पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. जागा असलेला माणूस डोके दुखते म्हणून बाहेर तरी येईल; झोपलेल्याला ती संधी नाही. पुण्या-मुंबईत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. तिथे घडते ते हेच: लहान खोली, बंद दार आणि खोलीतल्याच हवेवर जळणारी ज्वाळा. फरक इतकाच की न्हाणीघरात माणूस दहा-पंधरा मिनिटे असतो, ट्रेलरमध्ये आठ-दहा तास.

उघडी ज्वाळा, बंदिस्त ज्वाळा

बाजारात सर्वात सहज मिळतो तो हाताने उचलून नेता येणारा, लालबुंद जाळीचा हीटर. अमेरिकेत ‘मिस्टर हीटर’चा ‘बडी’ घराघरांत माहीत आहे. चार हजार किंवा नऊ हजार बीटीयू. त्यात ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारी एक युक्ती असते आणि ती पाहण्यासारखी आहे. जाळीच्या बाजूला एक बारीक पायलट ज्वाळा सतत जळत असते आणि तिच्या टोकाशी थर्मोकपलची धातूची काडी धरलेली असते. तापलेल्या काडीतून काही मिलिव्होल्ट वीज येते आणि तेवढ्या विजेवर एक चिमुकला विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरला की पायलट ज्वाळा बर्नरचे तोंड सोडून वर उचलली जाते. काडीवरून तिचा स्पर्श सुटतो, काडी निवते, चुंबक ढिला पडतो आणि झडप खटकन मिटते.

युक्ती सुंदर आहे. पण तिला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, आणि उंचावरच्या विरळ हवेत ती उगाचच हीटर बंद पाडते. आपल्या पेटीचा आकडा घालून पाहू. सगळी भोके बंद असतील, तर सर्वात मंद चार हजार बीटीयूंवर चालणारा असा हीटर आणि दोन माणसे मिळून जेमतेम अर्ध्या तासात हवा १८ टक्क्यांवर आणतील. म्हणून उत्पादक खिडक्या उघड्या ठेवा असे सांगतात, आणि उघड्या खिडकीतून ऊब निघून जाते. जाळीऐवजी उत्प्रेरकाच्या गादीवर ज्वाळेविना गॅस जाळणारे हीटरही मिळतात. त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो, पण ऑक्सिजन आणि पाण्याचा हिशेब तोच. संध्याकाळी दार उघडे ठेवून तासभर हात शेकायला हे दोन्ही ठीक. झोपताना नाही.

झोपायच्या खोलीत हवा तो बंदिस्त ज्वलनाचा हीटर. त्याची ज्वाळा एका धातूच्या डब्यात कोंडलेली असते. एक पाइप बाहेरची हवा त्या डब्यात आणतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. खोलीतली हवा डब्याच्या फक्त बाहेरून फिरते, तापते आणि परत येते. दोन हवांची गाठ कुठेच पडत नाही. अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या कॅम्पिंग वाहनांना लागू असलेले एनएफपीए ११९२ हे मानकही मुक्कामाच्या जागेत असाच हीटर मागते. घरगुती बांधणाऱ्याच्या गॅरेजात तपासनीस येत नाही, म्हणून ते मानक स्वतःहूनच पाळायचे.

लहान ट्रेलरमध्ये ब्रिटनच्या प्रोपेक्स कंपनीचा एचएस २००० खूप चालतो: ताकद सुमारे १.९ किलोवॅट, पूर्ण जोरात तासाला १४० ग्रॅमच्या आसपास गॅस, पंख्याला दीड अँपिअरच्या आत-बाहेर वीज. ज्यांना ज्वाळा डोळ्यांना दिसायला हवी असते, ते कॅनडातल्या डिकिन्सन कंपनीचा बोटींसाठी बनवलेला भिंतीवरचा हीटर लावतात. त्याच्या धुराड्यात नळीत नळी असते. आतल्या नळीतून धूर जातो, बाहेरच्या नळीतून हवा येते.

भोके कुठे पाडायची

हीटरची जागा ठरवताना आतून नव्हे, ट्रेलरखाली आडवे होऊन बाहेरून सुरुवात करावी. चौकटीचे लोखंड, आस, चाकांची हालचाल, विजेच्या तारा हे सगळे खाली असते, आणि वर बेत छान दिसला तरी पाइप नेमका लोखंडावर उतरतो. हीटर बहुधा पायथ्याशी, गादीखालच्या खणात किंवा ओट्याच्या पेटीत बसतो. खणाला जाळी हवीच. खोलीतली थंड हवा हीटरपर्यंत परत आली नाही तर तो स्वतःच तापून बंद पडतो.

जमिनीत भोके तीन: हवेचे, धुराचे आणि गॅसच्या नळीचे. धुराचा स्टेनलेस स्टीलचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापतो. त्याला प्लायवूडला टेकू द्यायचे नाही. भोक मोठे पाडायचे, त्यात धातूची बाही बसवायची आणि फट उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने भरायची. प्लायवूडची कापलेली कड आधी रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करायला हवी. रस्त्याचे पाणी तिथूनच आत शिरते.

धुराचा पाइप ट्रेलरच्या पोटाखालीच सोडून दिला तर सगळी मेहनत वाया. वारा पडला की धूर तिथेच साचतो आणि जमिनीतल्या बारीक फटींतून वर येतो, म्हणजे जो बाहेर घालवायचा तोच पाहुणा मागच्या दाराने परत. पाइप ट्रेलरच्या कडेपर्यंत नेऊन बाहेर तोंड काढायचे. दार, खिडकी आणि छताचा झरोका यांपासून उत्पादकाने सांगितलेले अंतर राखायचे. मागच्या ओट्याशी स्वयंपाक करणारा माणूस उभा असतो, म्हणून ती बाजूही टाळायची. पाइपला कुठेही खोलगट वळण ठेवायचे नाही. धुरातली वाफ तिथे पाणी होऊन साचते, गोठते आणि पाइप तुंबतो. हवेच्या पाइपाचे तोंड प्रवासाच्या दिशेला पाठ करून ठेवावे, म्हणजे चिखल आत जात नाही. कोळ्यांनाही गॅसच्या हीटरच्या नळ्या आवडतात. वर्षभर उभ्या ठेवलेल्या ट्रेलरचा हीटर पेटत नसला तर आधी जाळे शोधावे.

वीज क्षुल्लक वाटते, पण हीटर पेटत नसेल तर दोष बहुधा तिथेच असतो. तार बारीक आणि लांब असेल तर पंखा सुरू होताना व्होल्टेज उतरतो आणि नियंत्रक हीटरला कुलूप घालतो. तार जाड, फ्यूज बॅटरीजवळ आणि जोड घट्ट, एवढे पाहिले की पुरे.

सिलिंडरपासून ज्वाळेपर्यंत

पेट्रोलमधला प्रोपेन ओळखला गेला तोच त्याच्या उडून जाण्याच्या खोडीमुळे. १९१० च्या सुमारास अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग पेट्रोलमधून निसटणाऱ्या वाफांचा माग काढत होते; त्या वाफांत त्यांना प्रोपेन सापडला. हीच खोडी थंडीत कामी येते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून बर्फातही सिलिंडरमधून वायू निघत राहतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच उकळायचा थांबतो. आपल्याकडचा घरगुती सिलिंडरमधला गॅस या दोघांचे मिश्रण आहे. अमेरिकेत इंधन म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोपेनमध्ये निदान ९० टक्के प्रोपेन असतो, आणि तिथल्या हिवाळी मुक्कामाचा सगळा भरवसा त्या ९० टक्क्यांवर आहे.

सिलिंडरची जागा बाहेरच, ट्रेलरला गाडीशी जोडणाऱ्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, उभे आणि पट्ट्यांनी जखडलेले. कारण पुन्हा हवाच. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळला तर जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडे वर गेले की ठिणगीला भेटायला तो तयार. आपल्या पेटीपुरते बोलायचे तर १४० ग्रॅम गॅस सगळीकडे सारखा पसरला तरी एवढे प्रमाण गाठतो. हीटर पूर्ण जोरात तासाभरात जेवढा जाळतो, तेवढाच. तळाशी साचला तर त्याहून कितीतरी कमी पुरतो.

सिलिंडर ८० टक्केच भरतात. उरलेली जागा उन्हात फुगणाऱ्या द्रवासाठी. जास्त भरणे रोखणारी तरंगती झडप अमेरिकेत अशा सिलिंडरांना २००२ पासून सक्तीची आहे. वरची त्रिकोणी मूठ ही तिची खूण. आतला दाब मात्र तापमानाबरोबर झोके घेतो. २० अंशांना वातावरणाहून सात-साडेसात बार जास्त, उणे २० अंशांना दीड बारहूनही कमी. हीटरला मात्र सतत ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतकाच, म्हणजे २.७ किलोपास्कल दाब हवा. म्हणून दोन टप्प्यांचा रेग्युलेटर: पहिला टप्पा मोठा दाब उतरवतो, दुसरा तो स्थिर ठेवतो. त्याच्या श्वासछिद्राचे तोंड खाली ठेवावे, नाहीतर पाणी शिरून गोठते.

रेग्युलेटरपासून पुढे तांब्याची नळी. लोखंडी चौकटीतून जाईल तिथे रबरी कडे, नाहीतर खडखडाटाने लोखंडच तिला कापते. जोडांसाठी नळीचे तोंड ४५ अंशांत फुलवतात. एसी बसवणारे मेकॅनिक याला फ्लेअर मारणे म्हणतात. नट आधी नळीत सरकवायचा, तोंड सरळ कापायचे, आतली धार काढायची आणि मगच फुलवायचे. फुललेली कड सारखी, चिरविरहित आणि गुळगुळीत हवी. इथे तांबे पितळेवर दाबून बसते आणि तेवढेच गळती थांबवते. टेफ्लॉनची पट्टी लावली तर धातूला धातू भेटतच नाही. पट्टी किंवा लेप लावायचा तो फक्त निमुळत्या आट्यांच्या जोडांना, आणि तोही गॅससाठीचा. खोलीच्या आत जोड शक्यतो एकच, थेट हीटरशी.

पेटवण्याआधी

साबणाचे पाणी आपल्या घरोघरी माहीत आहे: जोडावर लावा, बुडबुडा फुगला तर गळती. पण सूक्ष्म गळतीला साधा मॅनोमीटर जास्त चोख. पारदर्शक नळीचा यू आकार करायचा, त्यात पाणी घालायचे, एक टोक गॅसच्या नळीला जोडायचे. सिलिंडर उघडून दाब भरायचा आणि सिलिंडर बंद करायचे. मग थोडा गॅस सोडून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक हीटरच्या ठरलेल्या ११ इंचांच्या थोडा खाली आणायचा, नाहीतर रेग्युलेटर गळती भरून काढत राहतो; तिथून तो दहा-पंधरा मिनिटे हलता कामा नये. केसाएवढा उतरला तरी जोड पुन्हा शोधायचे. गॅसचे काम येणाऱ्या परवानाधारकाला हे सगळे एकदा दाखवून घ्यावे. त्याचे पैसे वाचवण्यासारखे नसतात.

नैसर्गिक वायूला आणि प्रोपेनला स्वतःचा वास नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि जवळपास तीनशे जण, बहुतेक मुले, मेली. त्यानंतर गॅसमध्ये वासाचे रसायन मिसळण्याची सक्ती आली. प्रोपेनला येणारा कुजकट वास एथिल मरकॅप्टनचा. पण झोपलेल्या माणसाचे नाक चौकीदाराचे काम करत नाही, म्हणून दोन इशारायंत्रे: प्रोपेनचे जमिनीलगत, कारण तो खाली साचतो, आणि कार्बन मोनॉक्साइडचे उशाच्या उंचीवर, कारण तो हवेत सगळीकडे मिसळतो. अमेरिकी मानकानुसार कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र दहा लाखांत ४०० भाग झाल्यावर ४ ते १५ मिनिटांत किंचाळते. घरातले जुने यंत्र आणून चिकटवू नये. कॅम्पिंग वाहनांचे हादरे आणि थंडी सोसणारे वेगळे मिळते.

हीटर बंदिस्त असला तरी छताचा झरोका आणि खालची एक फट उघडी राहायला हवी. ही हवा ज्वाळेसाठी नाही, माणसांसाठी आहे. प्रवासात सिलिंडरची झडप बंद ठेवायची आणि बर्फ पडल्यावर धुराच्या पाइपाचे तोंड मोकळे आहे ना, ते सकाळी नव्हे तर झोपण्याआधी पाहायचे.

या हीटरमध्ये बसवलेल्या एकूण एक सुरक्षा पाहिल्या, तर त्यांचे उत्तर एकच आहे: बंद. ज्वाळा विझली, गॅस बंद. तापमान वाढले, गॅस बंद. बॅटरी उतरली, गॅस बंद. ही त्यांची खोड नाही, हेच त्यांचे काम आहे, आणि ते त्या बहुधा पहाटेच्या सर्वात थंड तासाला करतात. म्हणून ट्रेलर बांधणाऱ्याने रात्रीचा हिशेब हीटर धरून करायचाच नाही. बाहेरच्या थंडीला पुरतील इतकी पांघरुणे गाडीत आधी असावीत. ती असली की हीटर बंद पडला तरी माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. नसली की तो पहाटे तीन वाजता थरथरत्या हातांनी इशारायंत्र गप्प करून हीटर पुन्हा पेटवायला जातो.